पान उलटून पाहणारे मामा

मद्रासला मला राहायला खोली मिळाली तो दिवस मला माझ्या पायांमुळे आठवतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याहून बदली होऊन मी तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो होतो. कोणीतरी सांगितलं, नुंगंबाक्कमला एक तंजावरी मराठी गृहस्थ आहेत, त्यांच्या घरामागची खोली रिकामी आहे. परमुलखात मराठी घर म्हटल्यावर मी हरखून गेलो आणि कचेरी सुटताच पत्ता शोधत गेलो. फाटक ढकलून पाऊल आत टाकणार, तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

"थांबा! कोठून आलां?"

"साताऱ्याहून."

"तें नव्हे. आतां कोठून आलां?"

"कचेरीतून."

"कचेरीस बाग आहे. बागेंतून चालत आलां असाल."

आलो होतो खरा. मी मान हलवली.

"अय्यो! तेथल्या गुलाबांस भुरी आहे. मी पाहिलों आहें. पाय बुडवा."

फाटकाच्या आत एक पसरट जस्ती टब ठेवलेला होता आणि त्यात पोटॅश परमँगनेटचं जांभळं पाणी होतं. मी चपला काढायला लागलो, तर म्हणाले, "चपलेसकट." मी चपलेसकट उभा राहिलो. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून वेळ मोजली आणि मग मला आत घेतलं. पाणी जांभळं असलं तरी पाय बाहेर निघतात ते तपकिरी होऊन, आणि साबणाला दाद देत नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कचेरीतल्या हेडक्लार्कनं माझ्या पायांकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, "मिळाली वाटतं तिथली खोली?"

मी त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या पत्नीला मामी. मद्रासेत वडीलधाऱ्यांना तसंच म्हणतात. मामांचा सारा जन्म बंदरावर आरोग्य निरीक्षकाच्या नोकरीत गेला होता. आलेल्या प्रत्येक जहाजावर चढायचं, उंदीर शोधायचे, खलाशांच्या जिभा बघायच्या, आणि संशय आला की अख्खं जहाज चौदा दिवस समुद्रातच उभं ठेवायचं. निवृत्त झाल्यावर हाताशी जहाजं राहिली नाहीत, तेव्हा त्यांनी घरापुढे हिरवळ लावली. दोन्ही बाजूंना क्रोटन, कडेला गुलाब आणि कुंपणाला जास्वंद. त्या बागेवर रोग येऊ द्यायचा नाही, हेच आता त्यांचं काम होतं.

जानव्याला लोक किल्ली बांधतात, मामांनी भिंग बांधलं होतं. सकाळी सहाला ते एक बुटकं लाकडी स्टूल घेऊन बाहेर पडत आणि एकेका झाडापुढे बसून पानं उलटून बघत. "पूच्ची वर बसत नाही," ते मला सांगत. पूच्ची म्हणजे कीड, पण त्यांच्या बोलण्यात त्या शब्दात मावा, तुडतुडे, खवले, वाळवी आणि शेजारी असे सगळेच येत. "वरून तर सगळेंच हिरवें दिसतें हो. उलटून पाहावें." ही सवय इतकी अंगात मुरली होती की ते जेवायला बसले की केळीचं पान उलटून बघत. पापड उलटत. मामींनी नवीन लुगडं नेसून दाखवलं तर पदर हातात घेऊन त्याची मागची बाजू बघत. मामी म्हणत, "मजला नाही उलटून पाहिलांत, नशीब माझें."

त्यांच्या मराठीची मला सवय व्हायला वेळ लागला. 'मी सांगितलं' असं ते म्हणत नसत, 'मी सांगितलों' म्हणत. ऐकताना वाटे, एखादं जुनं दप्तर उघडून कोणी मोठ्यानं वाचतं आहे, आणि मधेच तमिळमध्ये शिव्या देतं आहे. उलट माझी मराठी त्यांना घाईची वाटे. "तुम्ही देशावरचे लोक शब्द अर्धे गिळतां," म्हणायचे.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे कोरै. आपण त्याला लव्हाळा म्हणतो. हिरवळीत एक चकचकीत पातं वर आलं की समजावं, खाली मातीत गाठ आहे. पातं उपटलं तर गाठ खालीच राहते आणि आठवड्यात एकाची तीन पाती होतात. मामा म्हणूनच पात्याला हात लावत नसत. ते जमिनीवर पालथे झोपत, लांब खिळ्यानं पात्याभोवतीची माती उकरत, कोपरापर्यंत हात आत घालत, आणि सुपारीएवढी काळी गाठ अखंड बाहेर काढून रॉकेलच्या डब्यात बुडवत. मग भोकात वाळू भरून वर गवताचं ठिगळ लावत. एका पात्याला पाऊण तास. माझ्या खोलीकडे जाणारी वाट हिरवळीच्या कडेनं होती, आणि मला कितीदा तरी त्यांच्या पायांना वळसा घालून कचेरीत जावं लागे.

औषधांच्या बाबतीत ते जुन्या वळणाचे. त्या काळी जो तो डीडीटी फवारत होता. मामांनी ते बंदरावर नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हाताळलं होतं, पण बागेत आणू दिलं नाही. "त्याणें चोर मरतो, पोलीसही मरतो," म्हणायचे. पोलीस म्हणजे मावा खाणारे लाल ठिपक्यांचे किडे. ते त्यांच्या हातावर चढले तर मामा हात न हलवता बसून राहत. त्यांची औषधं म्हणजे निंबोळीची पेंड, मोरचूद आणि चुना, साबणाचं पाणी आणि तंबाखूचा काढा. काढा मामींच्या स्वयंपाकघरात उकळे. तो दिसायला थेट कॉफीच्या डिकॉक्शनसारखा. म्हणून मामींनी त्या भांड्याला लाल दोरा बांधला होता, आणि तरीही घरात पाहुणा कॉफीचा पहिला घोट जरा थांबूनच घेई.

पोस्टमननं टबात पाय बुडवायला साफ नकार दिला होता. मामांनी त्याला आत यायला मनाई केली. तो मग रस्त्यावर उभा राहून पोस्टकार्डं मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यामुळे मामांच्या मुलीला कोणत्या स्थळाकडून नकार आला, हे आमच्या आधी समोरच्या इस्त्रीवाल्याला कळे.

मुलीचं नाव कमला. पंचविशीची, मुलींच्या शाळेत शिक्षिका, हसरी आणि तोंडाळ. वडिलांना ती तमिळ रीतीनं अप्पा म्हणायची. तिचं लग्न जमत नव्हतं आणि त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. पहिलं स्थळ आलं ते एका वकिलाच्या मुलाचं. वकील विलायती बूट घालून आले होते. मामांनी टब दाखवला. वकील म्हणाले, "मी सून बघायला आलोय, की इस्पितळात भरती व्हायला?" आणि त्याच टॅक्सीनं परत गेले. दुसऱ्या स्थळानं बिचाऱ्यानं पाय बुडवले, पण मुलाच्या वडिलांच्या जरीकाठी धोतराला जांभळं पाणी लागलं आणि बोलणी धोतरापलीकडे गेली नाहीत.

मामी त्या दिवशी फार रडल्या. "एक दिवस तें घमेलें आंत ठेवा," त्या म्हणाल्या. "एकच दिवस!"

"जहाजावर एकच उंदीर होता, ऐसें एकदा कप्तान मला सांगितला," मामा म्हणाले. "पुढें काय झालें, तें तुला ठाऊक आहे."

तिसरं स्थळ तिरुचिरापल्लीचं. मुलगा रेल्वेत सिग्नल खात्यात. त्या दिवशी मामींनी मलाही फाटकाजवळ उभं केलं होतं. मामांच्या तोंडून टब हा शब्द निघाला, तर मी मधे काहीतरी बोलायचं. घोडागाडी थांबली. आधी उतरली ती मुलाची आजी, ऐंशीच्या पुढची, कडक सोवळ्यातली. तिनं टब बघितला. मी घाईघाईनं तोंड उघडलं, तोवर म्हातारीनं लुगडं वर धरून दोन्ही पाय पाण्यात घातलेसुद्धा.

"देवा रे," ती म्हणाली, "इतक्या घरीं मुली पाहिलों. आल्यागेल्यास पाय धुवावयास पाणी ठेवणारें घर हेंच एक. ह्यांत काय, कुंकू घातलें आहे?"

मामांनी हात जोडले. इतकी वर्षं त्या टबापाशी उभं राहून त्यांना हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. बाकीची मंडळी आजीच्या मागोमाग निमूट बुडाली.

आत गेल्यावर मामांनी मुलाची पत्रिका घेतली, वाचली, उलटून मागची बाजू बघितली. मग त्याला एकच प्रश्न विचारला.

"तुमचे घरीं झाडें किती?"

"एकही नाही," मुलगा म्हणाला. "रेल्वेचं क्वार्टर आहे. पुढे खडी, मागे रूळ."

"आवड आहे?"

"नाही."

दाराआडून ऐकणाऱ्या मामी घाबरून पुढे आल्या. मामांनी पत्रिकेची घडी घातली. आणि मग म्हणाले, "खोटें बोलत नाही. सरी, ठीक आहे. मला पसंत आहे."

कमलेला विचारलं, तेव्हा ती माजघरातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घराभोवती झाड नाही म्हणतात ना? मी तिथंच जाते."

सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरानं.

लग्न घरापुढेच करायचं ठरलं. घरापुढे म्हणजे हिरवळीवर. मामांनी आधी मंगल कार्यालयाचा विषय काढला, पण मामींनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मांडवाचे लोक आले तेव्हा मामा खांबांचं एकेक टोक मोरचुदाच्या पाण्यात बुडवूनच खड्ड्यात उतरवू देत होते. दारावर बांधायला घडासकट केळीचे खांब आले, त्यांच्या बुंध्यात त्यांना भुंग्याची भोकं सापडली आणि ते खांब परत गेले. दुसरे आले, तेही परत गेले. तिसरे खांब शेजारच्या मुदलियारांनी आपल्या परसातून तोडून दिले. मुदलियारांशी मामांचं वैर होतं, कारण मुदलियारांची बाग रामभरोसे होती आणि वारा तिकडून इकडे वाहत असे. ते खांब मामांनी भिंगाखाली अर्धा तास तपासले, काही सापडलं नाही, आणि मग नाइलाजानं मुदलियारांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

मुहूर्ताच्या वेळी मी अगदी जवळ होतो. नवऱ्याच्या हारात मामांना एक गुंडाळलेली पाकळी दिसली. भटजी मंत्र म्हणत होते. मामांनी जानवं ओढून भिंग वर काढलं आणि जावयाच्या छातीवर वाकले. भटजी थांबले. सनईवाले थांबले. तेव्हा आजी म्हणाली, "पाहा हो, नीट पाहा. मुलगी देतां आहां." सगळा मांडव खदखदला. मामांनी पाकळी उलगडली. आत काही नव्हतं. मग त्यांनी कमलेचा हात जावयाच्या हातात दिला आणि वर पाणी सोडायचं होतं, ते सगळं बाजूला सांडलं. भटजींना झारी पुन्हा भरावी लागली.

चौथ्या दिवशी मांडव उतरला. तीनशे माणसांच्या पायांखाली हिरवळ चटईसारखी पिवळी झाली होती. जिथे चुली पेटवल्या तिथे काळे गोल पडले होते. दहा-बारा दिवसांनी त्या पिवळ्या जमिनीतून हिरवं वर आलं, ते सगळं कोरै. मी मनात म्हटलं, आता मामा पालथे पडतील ते दिवाळीपर्यंत उठायचे नाहीत.

मामा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून होते. खिळा घेतला नाही, स्टूल घेतलं नाही. टबातलं पाणी उडून गेलं आणि तळाशी तपकिरी कडं राहिलं. पोस्टमन एक दिवस फाटकाशी आला, नेहमीप्रमाणे थांबला, टब कोरडा बघून जरा घुटमळला, आणि मग चोरासारखा आत येऊन कार्ड मामांच्या मांडीवर ठेवून गेला. मामी मला म्हणाल्या, "पापडदेखील उलटत नाहींत हो आतां."

मी काय करावं? डॉक्टर आले आणि टॉनिक देऊन गेले. मग एका सकाळी, मामा आंघोळीला गेलेले बघून, मी आयुष्यातली पहिली तस्करी केली. मुदलियारांच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण माजला होता. फांदीवर कापूस पिंजून टाकल्यासारखी ती पांढरी कीड असते. मी त्यांच्याकडे एक फांदी मागितली. कशाला, ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्यासाठी? दोन घेऊन जा." एकच घेतली. मामांच्या कुंपणाच्या जास्वंदीला, खुर्चीतून दिसेल अशा बेतानं ती बांधून टाकली.

पहिल्या दिवशी मामांनी तिकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. मुंग्यांना मात्र सगळं दिसलं होतं. त्या कीड इकडून तिकडे वाहून नेतात, तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस खातात. तिसऱ्या आठवड्यात निम्मं कुंपण पांढरं झालं. कळ्या गळायला लागल्या, शेंडे वळले. रोग्याला जाग यावी म्हणून मी घराला आग लावली होती आणि रोगी तसाच बसला होता.

रविवार होता. मी घाबरून कपडे धुण्याचा सोडा आणि साबण बादलीत कालवला आणि भर दुपारी बारा वाजता, मद्रासच्या मे महिन्यात, ब्रशनं जास्वंद घासायला लागलो. दहा मिनिटांत पानं पोळल्यासारखी मऊ पडली. मी आणखी जोरानं घासलं.

"अहो!"

मी वळलो. मामा खुर्चीतून उठून उभे होते.

"अहो देशावरचे! डोकें ठिकाणावर आहे काय? ह्या उन्हांत साबण? आणि सोडा? झाड आहे तें, परकर नव्हे!"

अनवाणी, उघड्या डोक्यानं ते तापल्या वाळूवरून आले आणि माझ्या हातातून ब्रश हिसकला. साध्या पाण्यानं पानं धुवायला लावली. मग ऊन उतरल्यावर काढा उकळला, रोगट शेंडे कापून जाळले, मुंग्यांची वाट राखेनं अडवली. फवारायचं ते संध्याकाळी, आणि खालून वर, पानाच्या पाठीवर. हे पंधरा दिवस चाललं. सकाळी मामा पुन्हा खिळा घेऊन हिरवळीवर पालथे पडायला लागले, आणि कोरै काढलेल्या जागी नवं गवत धरू लागलं. जास्वंदीचं ते सांगत आणि मी करत असे. मधून मधून ते मला मूर्ख म्हणत आणि मामी आतून ऐकून समाधानानं कॉफी पाठवत.

कुंपण स्वच्छ झालं त्या दिवशी मामांनी धोतराच्या कनवटीतून काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. लाल फितीचा तुकडा होता. कचेरीत आम्ही फायली बांधतो ती फीत. मी त्या फांदीला तीच गुंडाळली होती.

"ही पूच्ची सरकारी खात्यांतून आली काय?" मामांनी विचारलं.

माझी मान खाली गेली. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"बांधतांना पाहिलों. न्हाणीघरास खिडकी आहे."

"मग उठला का नाहीत?"

मामांनी फीत गुंडाळून पुन्हा कनवटीला लावली. "उठावें ऐसें वाटलें नाही," ते म्हणाले. "पुढें तुम्ही झाडास मारूं लागलां, मग काय करूं?"

त्याच आठवड्यात कमलेचं पत्र आलं. चौथं पत्र होतं, आणि चारही पत्रांत शेवटी तेच लिहिलेलं, अप्पांना पाठवा. मामी म्हणाल्या, जाऊन या. मामा म्हणाले, तूही चल. मामींनी माझ्याकडे बोट केलं. "मी आलें तर बाग कोण पाहील? हे?" त्यावर वाद उरला नाही. मामा निवृत्त झाल्यानंतर पहिल्यांदाच बाग सोडून एकटे गाडीत बसले. जाण्याआधी त्यांनी टब पुन्हा भरला आणि मला तीन पानं सूचना लिहून दिल्या. पहिली सूचना होती, "कशास हात लावूं नये."

आठ दिवसांनी तिरुचिरापल्लीची गाडी सकाळी आली. मामा रिक्षातून उतरले, फाटक उघडून आत आले, आणि पिशवीसकट व्हरांड्याच्या पायरीवरच बसले. मामी बाहेर आल्या. मामा बोलायला लागले. कमला वाळली नाही, उलट जरा भरली आहे. तिथल्या शाळेत तिला तिसरीचा वर्ग मिळाला आहे. जावई रात्रपाळीहून येतो तेव्हा ती उठून त्याला ताजी कॉफी देते, मग दोघं खिडकीत बसून गाड्या बघतात. तिनं केलेलं पिठलं त्यांनी दोनदा मागून घेतलं. आजी रोज सकाळी तिला हाक मारते आणि काम काही सांगत नाही, नुसती हाक मारते. मामा बोलत होते आणि मामी पदराच्या टोकाशी चाळा करत एकेक शब्द ऐकत होत्या.

मामांच्या पाठीमागे फाटक सताड उघडं होतं. रस्त्यावरची एक शेळी आत आली. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि मेहनतीनं पुन्हा धरलेल्या कोवळ्या हिरवळीत तोंड घातलं. मग तिची दोन पिल्लं आली. एक गुलाबाकडे गेलं.

मी हाकलायला उठलो. मामींनी मामांच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता, हातानंच मला खूण केली, बसा.

"आणि तिचे घरीं," मामा सांगत होते, "सकाळीं सहा वाजतां मालगाडी जाते, तेव्हां भांडीं सगळीं वाजतात. मीही जागा झालों. तर कमला स्वयंपाकघरांत गात होती."

मी बसलो. शेळी खात होती.